चुन्याचा दुसरा हात

"इथलं सगळं पांढरं कुणी केलं?" बाबांनी विचारले.

ते लॅपटॉपच्या इतके जवळ बसले होते की त्यांच्या श्वासाने पडदा धुरकट होई आणि ते बाहीने तो पुसत. बातमीच्या उजव्या अंगाला एक उभी चौकट रिकामी होती, मध्ये एक आडवी. कालपर्यंत तिथे दुखरे गुडघे होते, टक्कल झाकणारे तेल होते, आणि ज्यांच्याकडे एकदाच पाहिले म्हणून महिनाभर पाठ न सोडणारे बूट होते.

"मी केलं," मी म्हणालो. "जाहिराती अडवणारं एक सॉफ्टवेअर टाकलंय. ब्लॉकर म्हणतात. आता वाचताना मधे मधे कुणी येणार नाही."

"म्हणजे चुना मारलास."

"हो, तसंच समजा."

"ते चुना लावत होते, ह्यानं चुना मारला. फिटंफाट!" ताई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, पण ती हसत नव्हती. ती रुग्णालयात परिचारिका आहे, आणि तिच्या मुठीत एक बाटली होती. बाबांच्या ब्रशांच्या डब्यात, नीट पुसून ठेवलेल्या ब्रशांच्या मागे, ती तिला सकाळी सापडली होती. डोळ्यांत घालायचे थेंब.

"चार महिने, बाबा? चार महिने तुम्ही हे घालताय? मोतीबिंदू थेंबांनी जात नाही हो. मी वॉर्डात रोज घसा कोरडा करते, आणि माझ्याच घरात हे!"

"तू घसा कोरडा कर. मला थेंबांनी बरं वाटत होतं."

"डोळा टोमॅटोसारखा लाल झालाय, म्हणे बरं वाटत होतं! कुणाचं ऐकून घेतलंत?"

"ऐकून नाही घेतलं. वाचून घेतलं." बाबांनी मान ताठ केली. "अक्षर बघून घेतलं. असं अक्षर काढणारा माणूस खोटं लिहीत नाही. आपल्यातलाच कुणी जुना पेंटर असणार तो. हाताला वळण आहे त्याच्या."

ताईने कपाळावर हात मारला आणि बाटली माझ्याकडे दिली. "घे, तूच वाच आता हे सुंदर अक्षर. तुमच्या धंद्यातलंच आहे."

बाटलीवर जाहिरातीतलीच ओळ होती : 'डोळ्यांवरचा पडदा सात दिवसांत गळून पडेल. शस्त्रक्रिया टाळा.'

ते अक्षर मला वाचावे लागले नाही. ते मीच काढले होते. काढले होते म्हणणेही खोटे आहे, चोरले होते.

बाबांनी उभ्या आयुष्यात एकच काम केले. भिंतींवर जाहिराती रंगवल्या. खडूची दोरी मारून ओळ आखायची, कोळशाने अक्षराचा सांगाडा काढायचा आणि मग एका दमात, श्वास रोखून, ब्रश फिरवायचा. त्यांचा एक नियम होता आणि त्यापायी त्यांनी बरीच कामे परत पाठवली : जे दुकान आपण आतून पाहिले नाही, त्याची भिंत रंगवायची नाही. चपलांच्या दुकानात ते आधी चपला घालून दहा पावले चालून बघत. आई हयात असताना म्हणे, "ह्यांना स्मशानाची पाटी रंगवायला सांगू नका रे कुणी, आधी आत जाऊन पडून बघतील!"

पडद्यावरच्या जाहिरातींविषयी त्यांच्या मनात जी तुच्छता होती तिला एखाद्या कारागिराच्या रागाची धार होती. "भिंत कधी कुणाच्या अंगावर धावून गेलीय का?" ते म्हणत. "ती आपली उभी असते. वाचायचं तर वाच, नाहीतर चालू लाग. आणि ही? वाटेत आडवी पडते, आणि ऊठ म्हटलं तर उठत नाही. आणि ही कोपऱ्यातली फुली बघ. केवढीशी! मुंगीच्या पायाएवढी. ज्यानं काढली तो पेंटर भेकड असला पाहिजे."

तो भेकड पेंटर मी होतो. गाद्यांच्या दुकानाच्या वर, तिसऱ्या मजल्यावर, जिथे माझी कंपनी आहे, तिथे पहिली दोन वर्षे मी तेच केले : जाहिरात बंद करायची ती फुली दर आठवड्याला थोडी लहान, थोडी फिकी करत जायची. माणसाचे बोट ज्या वेळी चुकून शेजारी पडेल ती वेळ गाठायची. लोकांच्या बोटांच्या चुकीवर आम्ही जेवत होतो. लाजाळू माणसाला हे काम फार मानवते. कुणाच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही.

मग एके दिवशी साहेबांना वाटले की लोकांचा छापील अक्षरावरचा विश्वास उडाला आहे. आमच्या साहेबांना सगळे मागून 'टक्के' म्हणतात. ते "कसा आहेस?" असे विचारत नाहीत, "किती आहे?" असे विचारतात.

"हातानं रंगवलेलं काहीतरी आणा रे," ते म्हणाले. "जुनं, भिंतीवरचं. लोकांना जुनं दिसलं की खरं वाटतं. लोक गाढव असतात, पण भाबडी गाढवं."

आणि मी, ज्याला त्या खोलीत कधी काही सुचत नसे, हात वर केला.

टेकडीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या वळणावर एक बंद पडलेला बर्फाचा कारखाना आहे. त्याच्या भिंतीवर बाबांची शेवटची जाहिरात उरली आहे. बाकीच्या भिंती पडल्या, किंवा त्यांच्यावर दुसरे काही चढले. ज्या चष्मेवाल्यासाठी ती रंगवली त्याचे दुकानही आता नाही. पण त्याची ओळ अजून उभी आहे : 'आधी डोळे तपासा, मग चष्मा घ्या.' बाबांनी अर्थातच आधी डोळे तपासून घेतले होते. त्या बारा अक्षरांची मी छायाचित्रे काढली, बाकीची वर्णमाला बाबांच्या वळणाने बेतली, आणि तीन आठवड्यांत एक संगणकी फॉन्ट तयार केला. साहेबांनी त्याचे नाव 'विश्वास' ठेवले. मला त्या दिवशी सर्वांसमोर टाळ्या मिळाल्या. घरी येऊन मी बाबांना काहीच सांगितले नाही. वाटले, एखाद्या चांगल्या पुस्तकावर, एखाद्या शाळेच्या पाटीवर ते अक्षर उमटेल तेव्हा सांगू.

ते उमटले थेंबांच्या बाटलीवर. आणि पृथ्वीवरच्या ज्या एका माणसाला त्या अक्षरावर विश्वास ठेवण्याचे खरे कारण होते, त्याने तो ठेवला.

सकाळी ताईच्या हातात ती बाटली ओझरती दिसली, म्हणून मी लगेच ब्लॉकर टाकला. ताईला वाटले, भावाला काळजी आहे. बाबांना वाटले, मुलगा कामाचा निघाला. मला एवढेच हवे होते की ती जाहिरात त्यांच्या डोळ्यांसमोर पुन्हा येऊ नये. चुना मी त्यांच्यासाठी मारला नव्हता. माझ्यासाठी मारला होता.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या काचेच्या खोलीत गेलो.

"साहेब, ती थेंबांची जाहिरात काढायला हवी."

"कुठली? दोन पूर्णांक चार टक्के क्लिकवाली? अरे, ती तर घोड्यासारखी पळतेय!"

"त्या थेंबांनी डोळ्यांना इजा होतेय."

"कुणाच्या?"

मी टेबलावरच्या पेपरवेटकडे पाहिले. "एक ओळखीचे आहेत," मी म्हणालो.

हे तीन शब्द मी आजवर जे जे लिहिले, रेखले, लहान केले, त्या सगळ्यांहून हलके होते.

"मग ओळखीच्यांना डॉक्टरकडे ने. आपण डॉक्टर आहोत का? अक्षर आपलं, औषध त्यांचं." साहेबांनी खुर्ची वळवली. "आणि ह्या जमान्यात जाहिरात बघून औषध कोण घेतं रे? ब्लॉकर टाकून दे त्यांच्या मशीनवर. माझ्या घरी सगळ्यांच्या फोनवर आहे. आईच्या फोनवर तर घेतल्या दिवशीच टाकला मी. बिचारी कशावरही बोट ठेवते."

मी बाहेर आलो. आमच्या सगळ्यांच्याच यंत्रांवर ब्लॉकर आहे. आपलीच जाहिरात कशी दिसते ते तपासायचे असले की तो क्षणभर बंद करावा लागतो, आणि त्या वेळी प्रत्येकाचा चेहरा नासलेल्या दुधाच्या पातेल्यावरचे झाकण उचलावे तसा होतो. तिसऱ्या मजल्यावर चाळीस माणसे दिवसभर जे शिजवतात ते त्यांच्यातला एकही जण घरी जाऊन तोंडात घालत नाही. त्यांची मला किळस आली. आणि मग मी माझ्या जागेवर जाऊन बसलो, कारण ती जागाही माझीच होती.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई मोजके बोलणाऱ्या होत्या. थेंबांत असे काही होते की ज्याने डोळ्यांतला दाब वाढत गेला होता. उजवा डोळा शस्त्रक्रियेने स्वच्छ होईल. डाव्याच्या कडा गेल्या.

"गेल्या म्हणजे?" ताईने विचारले. तिला उत्तर ठाऊक होते. तिने माझ्यासाठी विचारले.

"म्हणजे समोरचं दिसेल. बाजूचं नाही. ते परत येत नाही."

"चालेल," बाबा म्हणाले. "बाजूला बघायचं तरी काय राहिलंय आता? सगळा चुनाच आहे."

डॉक्टरीणबाईंना विनोद कळला नाही. बाबांनी तो समजावूनही सांगितला नाही. बाहेर पडताना त्यांचा डावा खांदा दाराच्या चौकटीवर आपटला, आणि ते चौकटीला म्हणाले, "सॉरी हं."

उजव्या डोळ्याची पट्टी सुटली त्यानंतरचे काही दिवस बाबा घरभर अक्षरे वाचत हिंडले. साबणाच्या वेष्टनावरचे बारीक छापील, विजेच्या मीटरवरचे, ताईच्या ओळखपत्रावरचे. "ह्या लोकांना 'ज' कधी कळलाच नाही," असा निकाल देत ते एकेक वस्तू खाली ठेवत. त्यांना इतके आनंदात मी आईनंतर पाहिले नव्हते. मला वाटले, सुटलो.

रविवारी दुपारी त्यांनी हाक मारली.

"जरा चुना काढ."

"काय?"

"ह्याच्यावरचा. तुझा तो ब्लॉकर. मला ती थेंबांची जाहिरात बघायचीय."

"कशाला बाबा? ताई ओरडेल."

"थेंब नाही घालत रे मी. अक्षर बघायचंय. तेव्हा धुक्यातून बघितलं होतं. आता डोळा साफ झालाय, तर म्हटलं कारागीर नीट बघून घेऊ."

मी म्हणू शकलो असतो की ती जाहिरात आता येत नाही. बोटे मात्र आपले काम करत गेली. ब्लॉकर बंद झाला आणि पांढऱ्या चौकटी एकेक करून भरल्या : गुडघे, तेल, बूट, एक दात विचकणारी बाई. चौथ्या वेळी पान ताजे केल्यावर ती आली. दोन पूर्णांक चार.

बाबांनी ती मोठी केली, अजून मोठी केली, इतकी की पडद्यावर एकच अक्षर राहिले. ळ. त्यांचा ळ दोन भरदार गोलांचा असतो, शेजारीशेजारी ठेवलेल्या चष्म्याच्या भिंगांसारखा. पण ह्याच्या उजव्या गोलाला वरच्या बाजूस एक लहानसा खळगा होता. बाबांनी त्यावर नखाने हळूच टकटक केले. मग ते पुढच्या शब्दावर गेले. 'गळून'. तिथला ळ. तोच खळगा. मग 'टाळा'.

"भिंतीत खिळा होता," ते म्हणाले. त्यांचा आवाज काम करतानाचा होता, तसाच सपाट. "बर्फवाल्यांनी कधीतरी साखळी अडकवायला ठोकलेला. काढता येईना. म्हणून मी ब्रश त्याच्या खालून वळवून घेतला. म्हटलं, एका ळला थोडी खोक पडली तर पडू दे." त्यांनी बोटांवर मोजले. "भिंतीत खिळा एकदाच होता. इथं तीन ळ आहेत आणि तिन्हींत खिळा आहे."

स्वयंपाकघरात ताई भांडी लावत होती. तो आवाज थांबला.

"तुझ्या हातचं आहे?"

"हो," मी म्हणालो.

मला वाटले, आता ते ओरडतील. त्यांनी ओरडावे अशी मी मनातून याचना करत होतो. रागाला निदान उत्तर देता येते.

"वळण चांगलं उचललंस," ते म्हणाले. "'टाळा'चा काना तर मलाही इतका सरळ जमला नव्हता. पण खिळा कशाला उचललास रे? अक्षर उचलावं, खिळा उचलू नये."

त्यांनी लॅपटॉप मिटला आणि ब्रशांचा डबा घेऊन ते गॅलरीत गेले. जाताना डावा खांदा पुन्हा चौकटीला लागला. ह्या वेळी ते चौकटीशी काही बोलले नाहीत.

ताई बाहेर आली. तिने माझ्याकडे पाहिले. तिच्याजवळ शब्दांची कधी वाण नसते. "ओळखीचे आहेत म्हणाला होतास ना साहेबांना?" एवढेच ती म्हणाली. ती गोष्ट मीच तिला एकदा फुशारकीने सांगितली होती, मी साहेबांशी भांडलो म्हणून.

आठ दिवसांनी बाबांनी चुना भिजत घातला. पत्र्याच्या पिंपात तो खदखदला, निवला, मग त्यांनी तो गाळून घेतला, थोडा डिंक आणि चिमूटभर नीळ घातली.

"कुठली भिंत?" मी विचारले, तरी मला ठाऊक होते.

"माझीच. शिडी तू धरतोस की चढतोस?"

मला उंचीची भीती वाटते. त्यांनी ह्यावरून मला आयुष्यात कधी टोमणा मारला नव्हता; आजही त्यांनी फक्त विचारले.

"चढतो," मी म्हणालो.

ताईने त्यांना शस्त्रक्रियेनंतरचा काळा गॉगल घातला, वर रुंद काठाची टोपी. "चुन्याचा एक थेंब त्या डोळ्यात गेला ना, तर दोघांनाही वॉर्डात शेजारीशेजारी टाकीन आणि जेवण बेचव देईन."

"तुमच्याकडचं बेचव नसतं कधी?" बाबा म्हणाले. ताई हसली. माझ्याकडे न बघता हसली.

बर्फाच्या कारखान्याच्या फाटकावर एक रखवालदार असतो, ज्याला राखण्यासारखे आता काही उरलेले नाही. त्याने आमची शिडी पाहिली आणि खुर्ची सावलीत ओढली.

"काका, पांढरं करून पुढं काय लिहिणार?"

"काही नाही."

"काहीच नाही? काही नाही लिहायला एवढी मेहनत?"

"हो," बाबा म्हणाले. "काही नाही लिहायला भिंत फार साफ लागते."

मी चढलो. सहाव्या पायरीवर मी भिंतीला हात टेकवला. खाली पाहिले नाही. भिंतीचा पोत मला छायाचित्रांतून पाठ होता, पण ती इतकी उबदार असेल असे कधी वाटले नव्हते. खिळा खरोखरच होता. गंजून लाल, अंगठ्याएवढा जाड. त्याच्या खालून बाबांच्या ब्रशाची रेघ वळून गेली होती, गर्दीत एखादी व्यक्ती दुसऱ्याला धक्का न देता बाजूने निघून जावी तशी. हा खळगा मी पडद्यावर तीन रात्री न्याहाळला होता आणि त्याला 'जुनेपणाचा परिणाम' असे नाव दिले होते. तो जुनेपणा नव्हता. तो नम्रपणा होता.

कुंचा फिरवला. ओला चुना राखाडी काचेसारखा असतो. त्यातून सगळे दिसत राहते. मी घाबरून बादलीत कुंचा पुन्हा बुडवला.

"थांब," बाबा खालून म्हणाले. "ओला असताना काही ठरवायचं नाही. चुना वाळला की बोलतो."

आम्ही थांबलो. मी वर, ते खाली, शिडीच्या पायावर एक पाऊल रोवून. ऊन सरकले. 'आधी' गेले. 'चष्मा' गेला, ज्याला त्यांनी सर्वांत अधिक वेळ दिला होता. भिंत डावीकडून उजवीकडे हळूहळू पांढरी होत गेली, आणि मला माझ्या टेबलावरच्या त्या चौकटी आठवल्या, ज्या आम्ही कधी रिकाम्या राहू देत नाही. ज्या रिकाम्या राहिल्या की साहेबांना झोप येत नाही.

सगळे वाळले तेव्हा एकच अक्षर मागे राहिले होते. पुसट, दुधात बुडालेल्या सावलीसारखे.

"दिसतंय का अजून काही?" बाबांनी विचारले.

उजव्या डोळ्याने त्यांना ते खालूनही दिसत असणार. तरी त्यांनी मला विचारले.

"दिसतंय," मी म्हणालो.

"काय?"

"ळ. खिळ्यासकट."

बाबांनी काठीने बादली तळापासून ढवळली आणि दोन्ही हातांनी माझ्याकडे वर केली. चुन्याचा एक ओघळ त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत गेला.

"मग दुसरा हात मार," ते म्हणाले, आणि मी बादली घेताच त्यांनी शिडी पुन्हा पकडली. तोंड रस्त्याकडे, पाठ भिंतीला.